कावळ्याला दिलेला शब्द

दूध अजून आटायचंय, आणि चंद्र त्या पाण्याच्या टाकीमागून बाहेर यायला वेळ आहे. तोवर ऐका. सौरभ, तो मोबाइलचा उजेड आधी बंद कर. भुताची गोष्ट ऐकायची आणि हातात बॅटरी धरून बसायचं, हे मला चालणार नाही. ऋतिका, तू जिन्याकडे पाठ करून बसू नकोस. का ते विचारू नकोस, उगाच म्हणालो.

ही गोष्ट मी कुठं वाचलेली नाही. ज्याच्या घरात घडली तो शुभंकर माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, आणि त्याची बायको उत्कर्षा तर त्याच्याहून जास्त. फार जुनीही नाही, दोन हजार चोवीसची. रविवार पेठेत आमचं रंगाचं दुकान आहे, ते तुम्हाला माहीत आहे. आता मुलगा बघतो. मी नुसता सकाळी जाऊन बसतो आणि गिऱ्हाइकांना न विचारता सल्ले देतो, असं मुलाचं म्हणणं आहे.

पितृपंधरवडा नुकताच लागला होता. शुभंकर दुकानात आला आणि म्हणाला, "अण्णा, हस्तिदंती ऑइल पेंट द्या. हॉलच्या फळ्यांना मारायचाय."

"पितृपंधरवड्यात?" मी विचारलं.

"म्हणून तर पेंटर मिळाला. एरवी दसऱ्यापर्यंत कोणी फोनसुद्धा उचलत नाही."

झालं. यावर काय बोलणार? डबा काढून दिला.

आता त्या फळ्यांचं सांगतो. एरंडवण्यात आतल्या गल्लीत यांचा जुना बैठा बंगला आहे. बांधतानाच काहीतरी चुकलं असणार, कारण हॉलच्या भिंतींना कायम ओल. ओल काढण्यापेक्षा ती झाकणं सोपं, म्हणून कोणीतरी छातीइतक्या उंचीपर्यंत भिंतींना सागवानी फळ्या ठोकल्या. अस्सल सागवान! नुसतं पॉलिश करून ठेवलं असतं तर लोक बघत राहिले असते. पण घरात बापूराव होते. शुभंकरचे काका. लग्न केलं नाही, भावाचा पोरका मुलगा वाढवला, आणि त्या सागवानाला हिरवा ऑइल पेंट फासला. एसटी स्टँडवरच्या बाकांना असतो ना, तसा गडद हिरवा. दर दसऱ्याला स्वतः बसून आणखी एक हात द्यायचे. आधीचं घासायचं नाही, खरवडायचं नाही. जुन्यावर नवा, त्यावर आणखी नवा. मी दर वर्षी सांगायचो, "बापूराव, रंग खालून धरतो, वरून नाही." ते म्हणायचे, "तुम्ही डबा द्या."

असा माणूस.

पुढं त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. एक बाजू गेली, वाचा गेली. हट्ट तेवढा शाबूत राहिला. त्यांची कॉट हॉलमध्येच टाकली, भिंतीला लागून, आणि आठ वर्षं ते तिथं पडून होते. बोलता येत नसे, म्हणून चांगल्या हाताच्या बोटांनी फळीवर वाजवायचे. फळीच्या मागं पोकळी असते, आवाज घरभर जायचा. दोनदा वाजवलं की पाणी. तीनदा वाजवलं की भांडं. अशी ती भाषा होती, आणि ती उत्कर्षानं शिकून घेतली होती. हातातली पोळी तव्यावर टाकून "आले, आले" करत धावायची. शुभंकरला त्यातलं काही कळायचं नाही. तो सकाळी हिंजवडीला जायचा आणि रात्री यायचा, तोवर बापूरावांचं सगळं झालेलं असायचं. मी त्याला वाईट म्हणत नाही. पण काकांनी ज्याला वाढवलं तो ऑफिसात आणि जिचा काही संबंध नाही ती भांडं धरून, हे मला कधी पटलं नाही, आणि मी ते तेव्हाही तोंडावर बोललो होतो.

त्या वर्षी मे महिन्यात बापूराव गेले. दहाव्याला मी ओंकारेश्वराच्या घाटावर होतो, म्हणून पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं सांगतो.

पिंड ठेवले. कावळा काही शिवेना. कावळे होते की! समोरच्या झाडावर बसून आमच्याकडे बघत होते. ऊन असं की पाय ठेवायची सोय नाही. सगळ्यांनी सांगून बघितलं. तुमची पुस्तकं नीट ठेवू. अमक्याला त्याचं सामान देऊ. काही उपयोग नाही. गुरुजींना पुढचं दुसरं काम होतं, ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू का? शास्त्राला मान्य आहे." पण शुभंकरची आत्या, मालनबाई, तिनं ठणकावलं, "माझ्या भावाला गवताचा कावळा नको. खरा शिवल्याशिवाय मी हलणार नाही."

तेव्हा शुभंकर पुढं झाला. वैतागला होता बिचारा. हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "काका, हॉलच्या फळ्या आहेत तशाच राहतील. हिरव्याच. रंग बदलणार नाही. मग तर झालं?"

त्याचं वाक्य पुरं होतंय तोवर कावळा खाली.

उत्कर्षा घाटावर नव्हती. ती घरी तेराजणांचा स्वयंपाक करत होती. तिला हे कोणी सांगितलं नाही.

आणि तिनं नंतर काय मागितलं असेल? दागिना नाही, सहल नाही. ती म्हणाली, "तेवढा हॉल पांढरा करा. मला तिथं बसवत नाही. त्या हिरव्याकडे बघितलं की अजून वाजेल असं वाटतं." शुभंकर हो हो म्हणाला आणि चार महिने चालढकल केली. गणपती विसर्जन झालं आणि ती बॅग भरून लोणी काळभोरला थोरल्या बहिणीकडे निघून गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. एवढंच म्हणाली, "हॉल झाला की फोन करा. घट बसवायला येते. नाही झाला, तर घट ताईकडेच बसवीन."

तिचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शुभंकरला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून पितृपंधरवड्यात ती घाई.

पेंटर होता कासिम. हुशार माणूस, जरा तिरसट. त्यानं फळ्या बघितल्या आणि म्हणाला, "साहेब, ह्याच्यावर रंगाचं कातडं झालंय. आधी सगळं काढावं लागेल." शुभंकर म्हणाला, "वेळ नाही. वरून मार." कासिमनं वरवर पॉलिश पेपर फिरवला, प्रायमर दिला, हस्तिदंती रंगाचा एक हात दिला. संध्याकाळी हॉल असा उजळला की शुभंकरनं फोटो काढून बायकोला पाठवला.

सकाळी बघतो तर सगळा रंग दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन खाली लोंबतोय. आणि मागं हिरवा. तकतकीत.

माझ्याकडे आला. मी म्हटलं, "होणारच. तेलकट फळीवर रंग मारल्यावर दुसरं काय होणार? सोड्यानं धू, खडखडीत वाळव, खसाखसा घास, मग मार." गेला, तसं केलं. कासिमनं दोन दिवस घासलं. खड्डे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवले. पुन्हा प्रायमर, पुन्हा हस्तिदंती. या वेळी साय आली नाही. रंग फळीला नीट बसला आणि रात्रीतून हळूहळू हिरवा झाला. खालून वर आला म्हणे, जखमेतून पट्टीवर येतं तसा.

उत्कर्षाचा रोज संध्याकाळी फोन. "झालं का?"

"होत आलंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "झालं का?"

"अगं, ओल आहे ना. होईल."

कासिमचं डोकं फिरलं. त्याची दुसरी कामं खोळंबली होती, आणि चार घरांत सांगितलं जाणार होतं की कासिमचा रंग टिकत नाही. तो शुभंकरवर ओरडला, शुभंकर त्याच्यावर, मग दोघंही दुकानात येऊन माझ्यावर. मी वैतागून म्हटलं, "शुभंकर, अरे, तू घाटावर काय बोलला होतास? हिरव्याच ठेवीन म्हणालास ना?"

तो काउंटरवरून पुढं वाकला. मग म्हणाला, "अहो अण्णा, ते कावळ्यासाठी म्हणालो होतो! काहीतरी सांगावंच लागतं. ऊन किती होतं!"

हसू नका. तुमच्यापैकी कोणीही हेच केलं असतं.

मी म्हटलं, "मग बायकोला सांग. मी असा शब्द देऊन बसलोय म्हणावं. काय करायचं ते दोघं मिळून ठरवा." तर म्हणतो, "तिला कुठल्या तोंडानं सांगू?" आणि रागारागानं ब्लो लॅम्प घेऊन गेला.

त्यांनी सगळा हिरवा जाळून काढला. ज्योत फिरवायची, रंग फुगला की पत्र्यानं खरवडायचा. अनेक वर्षांची पुटं. शेवटी खाली लाकूड लागलं, कोरं, सोनेरी सागवान. हिरव्याचा कणही राहिला नाही. कासिमनं स्वतः मला सांगितलंय, आणि कासिम कामाच्या बाबतीत खोटं बोलत नाही. त्यावर प्रायमर, त्यावर रंग. शेवटचा हात पुरा झाला तो दिवस होता बुधवार, दोन ऑक्टोबर. सर्वपित्री अमावस्या. दुसऱ्या दिवशी घट बसणार होते.

कासिम दिवेलागणीला गेला. शुभंकर एकटा राहिला. त्यानं ठरवलं होतं, आज झोपायचं नाही. काय बिघडायचं ते डोळ्यांसमोर बिघडू दे. प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि फळ्यांसमोर बसला.

हॉल रिकामा. सगळं सामान आतल्या खोल्यांत. टर्पेंटाइनचा वास. खिडक्या उघड्या, पण वारा नाही.

नऊ वाजले. फळ्या पांढऱ्या.

सव्वानऊ. पांढऱ्या.

साडेनऊच्या सुमाराला...

टक.

त्याला वाटलं, लाकूड वाजलं. जाळल्यावर लाकूड वाजतं.

टक.

आवाज कॉटच्या जागेवरून आला. कॉट तिथं नव्हती. ती जूनमध्येच देऊन टाकली होती. पण आवाज बरोब्बर तेवढ्या उंचीवरून आला. पडलेल्या माणसाचा हात पोचेल, तेवढ्या.

तो उठला. वाकून बघितलं. पांढऱ्या फळीवर एक ठिपका. चण्याएवढा. तिथला रंग गळून पडला होता.

आत हिरवा.

टक.

त्याच्या डोळ्यांसमोर दुसरा ठिपका पडला. बाहेरून कोणी हात लावला नाही. फळीला काही शिवलं नाही. तरी रंग गळाला.

शुभंकर काय करणार? उत्कर्षाकडून ऐकलेलं एवढंच त्याला आठवलं, दोनदा म्हणजे पाणी. धावत आत गेला, तांब्या आणला, फळीपाशी ठेवला.

टक... टक.

मग त्याचा तोल गेला. तो ओरडायला लागला. "काय हवंय? बास झालं ना आता! घर दिलंत, उपकार झाले. पण तिनं आठ वर्षं केलं तुमचं! तिला एक भिंत पांढरी नको का?"

शांत.

आणि फोन वाजला.

उत्कर्षाचा. रोजच्यापेक्षा उशिरा. त्याच्या हाताला रंग लागला होता, म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"झालं का?"

यावेळी त्याला खोटं बोलता येईना. रडायलाच लागला. घाट, ऊन, मालनबाई, कावळा, सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "माझ्या हॉलचा शब्द दिलात? मला न विचारता?"

"उत्कर्षा, अगं त्या वेळी..."

टक.

ती थांबली. "कोण वाजवतंय?"

त्यानं फोन फळीपासून लांब धरला.

टक.

"अहो... कोण वाजवतंय?"

"पाणी ठेवलंय मी," तो कसाबसा म्हणाला. "दोनदा वाजलं की पाणी ना? तरी थांबत नाहीत."

"ते दोनदा नाही." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "नीट ऐका. एक वाजवतात. थांबतात. मग एक. त्याला पाणी नको असतं. काहीच नको असतं. कोणी आहे का, एवढंच विचारतात ते."

टक.

मध्ये तेवढाच वेळ.

टक.

आणि तिच्या तोंडून निघून गेलं. आठ वर्षांची सवय. विचार करायच्या आत.

"आले!"

वाजणं थांबलं.

शुभंकरनं फळीला कान लावला. फळी गप्प. हॉल गप्प. एक मिनिट गेलं असेल. त्याला वाटलं, सुटलो. तो फोनकडे वळला. उत्कर्षा बोलत नव्हती. फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, भराभर.

आणि मग आवाज आला. फळीतून नाही.

फोनमधून. लोणी काळभोरहून.

टक...

टक.

फोन बंद झाला.

त्यानं पुन्हा पुन्हा लावला. उचलला नाही. रात्रीच निघाला असता, पण गाडीची किल्ली हातात धरून तो दारातच बसून राहिला. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना वर बघितलं नाही.

उजाडलं तेव्हा सगळ्या फळ्या पांढऱ्या होत्या. रंग खडखडीत वाळलेला, गुळगुळीत. ते हिरवे ठिपकेही नव्हते. कासिम आला, त्यानं हात फिरवून बघितला आणि म्हणाला, "बघा साहेब, जाळून काढल्यावर कसं धरलं!" तो रंग आजही तसाच आहे. एक पोपडा निघालेला नाही. कासिम नव्या गिऱ्हाइकांना तो हॉल दाखवायला आणतो.

घट मात्र त्या घरात बसले नाहीत. शुभंकर सकाळीच तिला आणायला गेला. ती दारात आली, नीट बोलली, त्याला नाश्ता दिला. "मी येत नाही," म्हणाली. का, ते सांगेना. त्यानं पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. दसरा झाला तरी आली नाही. शेवटी तो माझ्याकडे आला. "अण्णा, तुमचं ती ऐकते. एकदा जाऊन बघा."

गेलो. भर दुपारी गेलो. ऊन होतं, रस्त्यावर उसाचे ट्रक होते, घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. बहीण मळ्यात गेली होती, घरात उत्कर्षा एकटी. वाळली होती. मला बघून तिला बरं वाटलं. बाहेरच्या खोलीत बसलो, तिनं चहा आणला. पांढरे कप, नवे कोरे.

मी म्हटलं, "पोरी, हॉल इतका सुरेख झालाय. तुझ्यासाठी केलाय त्यानं. बघायला तरी चल."

"फोटो बघितला मी," ती म्हणाली. "छान दिसतो. अगदी मला हवा होता तसा."

"मग अडलंय कुठं?"

ती कपाकडे बघत राहिली. "अण्णा, मी तिथं गेले तर तेही येतील. निदान हॉल तरी सुटला. त्यांना रंगाचं काही नव्हतं हो. ओ देणारं कोणीतरी हवं होतं. मी ओ दिली."

मला राग आला. शुभंकरचा आला, बापूरावांचा आला, त्या गुरुजींचा आणि त्या कावळ्याचासुद्धा आला. शब्द यानं द्यायचा, मोडायचा यानं, आणि तो फेडायचा तिनं! मी तेच बोलायला तोंड उघडलं. म्हटलं, "हे बघ, तुझी यात काही चूक नाही. आपण कोणाला तरी विचारू. सिंहगड रोडला माझ्या ओळखीचे एक..."

तिनं एकदम मान वळवली. आतल्या खोलीकडे.

मला काही ऐकू आलं नाही. शपथेवर सांगतो. पंखा चालू होता, बाहेर एक कोंबडी होती. बाकी काही नाही.

"आले हं," ती म्हणाली.

मला नाही म्हणाली.

उठली आणि आत गेली.

मी बसून राहिलो. आत भांडं ठेवल्याचा आवाज. मग तिचा आवाज, अगदी हळू... लहान मुलाची समजूत काढावी तसा. मग काहीच नाही. आत जाऊन बघावं असं खूप वाटलं. नाही गेलो. तुम्हीही गेला नसतात.

थोड्या वेळानं ती बाहेर आली, ओढणीला हात पुसत. बसली. कप उचलला, राहिलेला चहा प्यायली, आणि मला विचारलं, "हं, काय म्हणत होता तुम्ही? सिंहगड रोडला कोण आहेत?"

मी म्हटलं, "काही नाही. निघतो मी."

ती मला सोडायला फाटकाकडे पुढं झाली. मी चपला घालायला वाकलो. तिचा रिकामा कप तिथंच स्टुलावर होता. माझी नजर गेली. कपाच्या कानावर, जिथं तिनं धरला होता तिथं, डाग होता. मी बोट लावलं. सगळं आयुष्य रंगात गेलंय माझं, मला वास घ्यायची गरज नव्हती.

ऑइल पेंट. हिरवा.

ओला.